बदल्यांचा हंगाम

२०२२ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मेलबर्नला मुलाकडे उतरलो. विमानतळावर सामान गाडीत टाकता टाकता मुलगा म्हणाला, "बाबा, दहा दिवस आधी आला असतात तर फूटीची फायनल सापडली असती." त्यावर आमच्या मंडळींनी मागच्या सीटवरून विचारलं, "पितृपंधरवड्यात कोणी प्रवासाला निघतं का?" विषय तिथेच मिटला. त्या फायनलमध्ये जिलाँगने सिडनीचा ८१ गुणांनी फडशा पाडला होता, म्हणजे चुकलं तेही फारसं चुरशीचं नव्हतंच. पण मोसम संपला होता हे खरं. फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. मी आलो ऑक्टोबरात आणि जाणार होतो मार्चच्या सुरुवातीला. पाच महिने ज्या गावात राहायचं, त्या गावाचा देव नेमका तेवढेच महिने निद्रिस्त. त्यामुळे या खेळाशी आपला काही संबंध येणार नाही, असं मी समजून चाललो होतो.

मुलाचं घर मूराबिनजवळ. मागच्या अंगणाला लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक बाई. वय त्र्याहत्तर, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी वडील. त्यांनी कुंपणावरून पिशवीभर लिंबं दिली आणि विचारलं, मी कोणाच्या बाजूचा? तिकडे आपल्या संघाच्या मागे उभं राहण्याला 'बॅरक' करणं म्हणतात, आणि माणूस कोणाला बॅरक करतो हे आडनावाच्या आधी विचारतात. मी म्हणालो, "इंडिया." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते जेवायला बसलेल्या माणसाने 'काय वाढू?' या प्रश्नाला 'हो' म्हणावं तसं. मग समजावून सांगितलं, की क्लब अठरा आहेत, त्यातला एक निवडायचा असतो, आणि मूराबिनमध्ये राहायचं तर निवडीचा प्रश्न नसतो. लाल, पांढरा आणि काळा. सेंट किल्डा.

आमच्यात वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत आणि त्यांच्यात नावाशिवाय हाकच नसते. मी आपला "बाई" म्हणायचो. त्यांना ते 'बाय' ऐकू यायचं. संभाषणाला सुरुवात होते न होते तोच हा गृहस्थ निरोप घेतो, असा त्यांचा बरेच दिवस समज होता.

तर मी आलो तेव्हा तिथे बदल्या चालू होत्या. मोसम संपला की ऑक्टोबरात दहाएक दिवस असे असतात, की क्लब एकमेकांत खेळाडूंची देवाणघेवाण करतात. या दिवसांत रेडिओवर सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं काही नसतं. कोण जाणार, कोण येणार, कोणाच्या बदल्यात कोण, कोण म्हणतो मी जाणारच नाही. बाईंचा रेडिओ कुंपणावर ठेवलेला असे. पहिल्या दिवशी मी तो सौजन्य म्हणून ऐकला. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन गेलो.

त्याला कारण आहे. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात होतो, आणि त्यातली चौदा वर्षं माझ्याकडे बदल्यांचं टेबल होतं. मे महिना आला की माणसं माझ्या घराच्या पायऱ्यांवर बसायची. विनंती बदली, प्रशासकीय बदली, आपसी बदली, पती-पत्नी एकत्रीकरण, अवघड क्षेत्रातून सोप्या क्षेत्रात. यादीवर साहेबांची सही व्हायच्या आधी गावभर यादी पाठ असायची, आणि ती दर तासाला बदलायची. सर्वांत खात्रीची बातमी शिपायाकडे. त्याहून खात्रीची साहेबांच्या ड्रायव्हरकडे. मेलबर्नला आल्यावर मला कळलं की ड्रायव्हर सगळीकडे एकच असतो. इथे तो क्लबच्या मालीशवाल्याचा मेव्हणा असतो. नाहीतर अमुक खेळाडूला विमानतळावर पाहिलेला कोणीतरी. किंवा तमुक खेळाडूची बायको आपल्याच भागात घर बघत होती, असं सांगणारी केस कापणारी. बाईंना हे सगळं सांगणारी भाची होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. दात कोणालाही दाखवावेच लागतात, हा बाईंचा त्यामागचा युक्तिवाद.

चार-पाच दिवसांत मी बाईंना एकेक प्रकरण कोणत्या सदरात बसतं ते सांगू लागलो. कॉलिंगवूडचा ब्रॉडी ग्रंडी मेलबर्न क्लबकडे गेला, पण त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच देत राहणार होतं. म्हणजे माणूस दुसऱ्या शाळेत शिकवणार आणि पगारबिल अंशतः जुन्या शाळेतून निघणार. मी म्हणालो, ही प्रशासकीय बदली; असलं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. ल्यूक जॅक्सन मेलबर्नहून फ्रीमँटलला गेला, कारण तो मूळचा तिकडचाच, पर्थचा. ही स्वच्छ विनंती बदली. जेसन हॉर्न-फ्रान्सिसच्या बदलीत चार क्लब गुंतले होते. याचा तिकडे, त्याचा इकडे, तिसऱ्याला नव्या भरतीतली वरची जागा, चौथ्याला आणखी काही. चौघांची आपसी बदली मी नोकरीत एकदाच करून पाहिली होती. तिचा कागद अजून डोळ्यांसमोर आहे.

या हॉर्न-फ्रान्सिसवर बाईंचं आणि माझं पहिलं भांडण झालं. पोरगा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. २०२१ च्या भरतीत देशात पहिला नंबर, म्हणून सगळ्यांत तळाच्या नॉर्थ मेलबर्नने घेतला. एक वर्ष कसंबसं काढलं आणि परत आपल्या मुलखाला, पोर्ट ॲडिलेडकडे निघाला. बाईंचं म्हणणं, करार केला की पाळावा. हल्लीच्या मुलांना दम नाही. आमच्या मंडळींना मी हे सगळं मराठीत सांगितलं, तेव्हा त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या, "अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते. घरची ओढ लागणारच." मग कोणी काही बोललं नाही. मुलगा तिथेच लॅपटॉप उघडून बसला होता. त्याला मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली होती. पापड मात्र त्या दिवशी जरा जाड लाटले गेले.

सेंट किल्डाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर बाईंची बाजू कळणार नाही. क्लबची स्थापना १८७३ ची. इतक्या वर्षांत अजिंक्यपद एकदा, १९६६ साली. तळाचा नंबर २७ वेळा. त्या एका अजिंक्यपदाची कथा अशी: या खेळात चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. चुकल्याबद्दलही काहीतरी हातावर ठेवणारा हा दयाळू खेळ आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडशी ७३-७३ अशी बरोबरी असताना बॅरी ब्रीन नावाच्या तरुण पोराने चेंडू मारला. तो हवा होता तिथे गेला नाही. फटीतून गेला. एक गुण. ७४-७३. म्हणजे क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हा एक चुकलेला नेम आहे. बाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि मैदानात होत्या. हा प्रसंग त्यांनी मला पाच महिन्यांत नऊ वेळा सांगितला. दर वेळी चेंडू खांबाच्या थोडा आणखी जवळून गेला.

पुढे २०१० मध्ये पुन्हा कॉलिंगवूड, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा बरोबरी: ६८-६८. शेवटच्या क्षणांत मोकळ्या गोलसमोर स्टीफन मिल्न चेंडूमागे धावत होता, आणि चेंडूने भलत्याच बाजूला टप्पा घेतला. या खेळातला चेंडू नारळासारखा लांबट असतो. त्याला कुठे जायचंय ते त्यालाच ठाऊक. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी अख्खा सामना परत खेळवला. त्यात सेंट किल्डा ५६ गुणांनी हरलं. त्या टप्प्याविषयी बाई बोलत नाहीत. एकदा मी विचारलं, तर त्या आत गेल्या आणि लिंबं घेऊन आल्या.

बदल्यांचे दिवस संपले त्याच आठवड्यात तो बॉम्बगोळा पडला. सेंट किल्डाचा प्रशिक्षक ब्रेट रॅटन याला क्लबने जुलैमध्ये दोन वर्षांची मुदतवाढ दिली होती. त्याला ऑक्टोबरात काढलं. मोसमाची सुरुवात झोकात झाली होती, पहिल्या अकरा सामन्यांत आठ विजय. मग गाडी घसरली ती दहाव्या नंबरावर जाऊन थांबली. सकाळी सात वाजता बाई कुंपणाशी उभ्या होत्या, अंगावर रात्रीचा गाऊन, हातात रेडिओ. मी म्हणालो, "मुदतवाढ मिळालेला माणूस आधी जातो, हे मी आमच्याकडे पाहिलंय." त्यांना तो दिलासा वाटला असावा.

मग नवा कोण, यावर दहा दिवस गेले. आणि नाव आलं ते रॉस लायन. हे म्हणजे घरातून रुसून गेलेला जावई सासऱ्याच्या पंचाहत्तरीला पाहुणा म्हणून बोलवावा, तसं झालं. लायनने सेंट किल्डाला २००९ आणि २०१० असं लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. आणि २०११ चा मोसम संपल्या संपल्या, कोणाला कल्पना नसताना, तो फ्रीमँटलकडे निघून गेला होता. तेव्हापासून बाईंच्या घरात त्याचं नाव निघत नव्हतं. 'तो माणूस' म्हणायचं. अकरा वर्षं! आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रशिक्षकाचं नाव न घेणारी ही पहिली. नेमकी दिवाळी होती. हिने फराळाचं ताट देऊन मला पलीकडे पाठवलं. बाई चकली खात बराच वेळ गप्प होत्या. तिसऱ्या चकलीला म्हणाल्या, "तो माणूस बचाव मात्र छान शिकवतो." पाचव्या चकलीला म्हणाल्या, "रॉस आता पिकला असेल." एवढ्या थोड्या चकल्यांत एवढी मोठी माफी दिलेली मी पाहिलेली नाही. ताट परत आलं तेव्हा त्यात लिंबं होती.

त्याच दिवसांत मुलाने मला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर नेलं. भारत-पाकिस्तान, ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक, विराट कोहली नाबाद ८२. नव्वद हजार माणसं आणि त्यात मी, घसा बसेपर्यंत ओरडणारा. याच मैदानावर २०२० साली ॲडिलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपल्यानंतरच्या सामन्यात आपल्या अजिंक्य रहाणेने शतक काढलं होतं, हेही मी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी पंजाबी माणसाला ऐकवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं रसभरीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "गवत कसं होतं? या क्रिकेटमुळे मधली जागा खराब होते."

आता गंमत पाहा. हा खेळच मुळात क्रिकेटच्या बिगरहंगामातून जन्मला. टॉम विल्स नावाचा मेलबर्नचा नामवंत क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटवाले बसून बसून जड होतात, तेव्हा त्यांच्यासाठी फुटबॉलसारखा काही उद्योग काढावा, असं पत्र त्याने १८५८ च्या जुलैत एका वृत्तपत्रात छापवलं. पुढच्या वर्षी चार मंडळी एका हॉटेलात बसली आणि नियम लिहून काढले. मैदानं क्रिकेटचीच वापरली, म्हणून आजही फूटीचं मैदान लंबगोल. मी हे बाईंना सांगितलं, थोडं विजयाने. म्हणजे तुमचा अख्खा धर्म आमच्या धर्माच्या सुट्टीतला उद्योग आहे! त्या म्हणाल्या, "मग सुट्टी संपली की नाही अजून?"

ऑक्टोबरात आणखी एक झालं. सकाळी फिरायला गेलो असताना मागून डोक्यावर फडफड झाली आणि टोपी उडाली. मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी. घरट्यात पिल्लं असली की येणाऱ्या-जाणाऱ्यावर झडप घालतो. कॉलिंगवूडचं बोधचिन्ह हाच पक्षी आणि रंगही तेच. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाईंना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. फक्त म्हणाल्या, "आता तू खरा सेंट किल्डाचा."

नोव्हेंबरात नवी भरती असते. हिचा नियम मला फार आवडला: जो सगळ्यांत खाली, त्याला पहिली निवड. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानात पहिली जिलबी. आणखी एक नियम असा, की ज्याच्या बापाने एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील, त्या पोरावर त्या क्लबचा आधी हक्क. त्या वर्षी ब्रिस्बेनने विल ॲशक्रॉफ्ट असाच घेतला. बाप मार्कस तिथलाच. हा हक्क मला आमच्या गावातल्या मठाच्या गादीसारखा वाटला. पण बाप कितीही मोठा असला तरी पोराला धावावं लागतंच, एवढा फरक आहे. भाऊ मात्र यात बसत नाहीत. सेंट किल्डाचा मॅक्स किंग आणि गोल्ड कोस्टचा बेन किंग हे जुळे. दोघंही उंचेपुरे, दोघंही गोल मारणारे, आणि मधे अख्खा पूर्व किनारा. बेनला मूराबिनला आणावा ही बाईंची अंतरीची इच्छा. मी त्यांना पती-पत्नी एकत्रीकरण समजावून सांगितलं. त्या इतक्या भारावल्या, की भाऊ-भाऊ एकत्रीकरणाचा अर्ज कोणाकडे करायचा ते विचारू लागल्या. मी म्हणालो, तीन प्रतींत करावा लागेल.

त्यानंतर सराव सुरू झाला. लिंटन स्ट्रीटवरचं क्लबचं मैदान घरापासून चालत जाण्याजोगं. बाईंबरोबर मी कठड्याशी उभा राहून तो पाहिला आहे. म्हणजे मी सेंट किल्डाला धावताना पाहिलंय, खेळताना नाही. दोन किलोमीटर कोण किती मिनिटांत धावला यावर चर्चा होते. प्रत्येक खेळाडू 'आयुष्यात इतका तंदुरुस्त कधीच नव्हता' असतो. सगळ्यांनी चार-पाच किलो स्नायू कमावलेले असतात. गेल्या वर्षीही कमावले होते. ते मधे कुठे जातात, हे विचारायचं नसतं. आमच्याकडे जूनमध्ये शाळा उघडताना नव्या वह्यांवर पहिलं पान जसं सगळ्यांचंच मोत्यासारख्या अक्षरात असतं, तसे हे दिवस.

डिसेंबरात मॅक्स किंगचा खांदा सरावातच गेला. शस्त्रक्रिया झाली, मोसमाचा पहिला भाग गेला. मी घरात ही बातमी सांगितली तेव्हा मंडळींनी "आपला मॅक्स?" असं विचारलं. त्या 'आपला' वर मुलगा दचकला. नातू म्हणाला, "आज्जी, तू त्याला ओळखतेस?" त्या म्हणाल्या, "नसेना. खांदा फार वाईट. माझा गेल्या पावसाळ्यात धरला होता तेव्हा वेणी घालता येत नव्हती."

जानेवारीत काहीच नसतं. उकाडा, टेनिस आणि टपालात सभासदत्वाचं कार्ड. देशभरात अठरा क्लबांचे मिळून दहा लाखांहून जास्त सभासद वर्षाची वर्गणी आधी भरून बसतात. बाईंनी जुना गळपट्टा मला दिला. लोकरीचा, लाल-पांढरा-काळा, ३८ अंश उन्हात. मी तो गळ्यात घालून कोथिंबीर आणायला गेलो, तर दुकानदाराने मान हलवली आणि एक जुडी जास्त दिली. पराभवाची खूण ओळखणारी माणसं सगळीकडे असतात.

फेब्रुवारीच्या शेवटी सराव सामने होते. बाईंनी माझं तिकीट काढायची तयारी दाखवली. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत होता हे खरं, पण तेवढा नाही. बदल्यांच्या टेबलावर चौदा वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: यादीवर सही होत नाही तोवर प्रत्येकाला घराजवळचीच शाळा मिळालेली असते. सहीच्या दुसऱ्या दिवशी सगळे पायऱ्यांवर येऊन बसतात. पाच महिने आम्ही एकही सामना हरलो नव्हतो. आमचा प्रशिक्षक परत आला होता, आमची पोरं दोन किलोमीटर पळत होती, बेन किंग कधीही येऊ शकत होता. अशा संघाला उगाच मैदानात कशाला उतरवायचं?

आठ मार्चला आम्ही निघालो. बाई कुंपणाशी होत्या. मी "बाई" म्हणालो, त्यांनी "बाय" म्हटलं. या खेपेला दोघांचंही बरोबर होतं. मोसम १६ मार्चला सुरू झाला तेव्हा मी वाईला गणपती घाटावर कट्ट्यावर बसून लोकांना फ्रीमँटल कुठे आहे ते समजावत होतो. सेंट किल्डाने पहिला सामना त्याच फ्रीमँटलविरुद्ध जिंकला. मुलाने फोन करून सांगितलं. बाईंचा निरोप होता, की एवढ्यात कोणाला काही बोलू नका. क्लबचं ते दीडशेवं वर्ष, त्यामुळे मीही जपून होतो. संघ सहावा आला, अंतिम आठांत पोचला, आणि पहिल्याच बाद सामन्यात ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून २४ गुणांनी हरला.

मग ऑक्टोबरची तिकिटं काढली. पितृपंधरवडा चौदा तारखेला संपत होता.